अक्काचा लोडर, माझी भिंत

"फिरून दाखीव," म्हणायची अक्का, आणि उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायची. म्हैस घ्यायची असली तर दात, शिंगं, दूध सगळं नंतर. आधी ती अरुंद जागेत उभी करायची आणि जागच्या जागी वळवायची. वळताना मागचा पाय चुकला की अक्का पदर झटकून घरी. सून बघायला गेली तेव्हा पोरीलाही तिनं फिरून दाखीव म्हटलं, असं लोक सांगतात. मला ते खरं वाटतं.

चेन्नईच्या पेरुंगुडीत काचेची ऑफिसं उठत होती, त्यांच्या मागं पाणथळीच्या कडेला आमचे दोन गोठे. गल्लीच्या तोंडाला माझा, आत अक्काचा. मी सोलापूरकडची. नवरा रेल्वेत होता म्हणून चेन्नईला आले. तो गेला, पण म्हशी होत्या, म्हणून राहिले. अक्का तंजावरच्या मराठ्यांतली. तिची मराठी आपल्या पणजीच्या वेळची, आणि बोलायची चाल तमिळची. सकाळी किटली घेऊन निघाले की विचारायची, "काय गे, अस्कं दूध गेलं काय?" अस्कं म्हणजे सगळं. माझं अजून जायचं असायचं. तिचं गेलेलं असायचं.

दोघी विधवा, दोघी शेणामातीतल्या. पण तिच्या म्हशींची पाठ तेल लावल्यासारखी. तिचा मुलगा त्याच काचेच्या ऑफिसात, संध्याकाळी घरी यायचा. माझा पुण्याला, तो फोनमध्ये. तिच्या घरात कॉफीचा वास सुटला की मी माझ्या चहात साखर जास्त घालायची. एवढ्यानं काय होतं म्हणा.

शेण मात्र दोघींच्या डोक्यावर सारखंच होतं. पाट्या भरायच्या, गल्लीबाहेर उकिरड्यावर टाकायच्या. दिवाळीच्या सुमाराला इकडं पाऊस लागला की गुडघ्याएवढा चिखल. त्या चिखलात आम्ही दोघी सारख्याच वाकलेल्या दिसायचो. मला ते बरं वाटायचं.

मग तिनं तो लोडर बघितला. एका इमारतीच्या कामावर वाळू उचलत होता. तुम्हीही बघितला असेल, बुटका, पुढं सूप लावल्यासारखा. त्याची चाकं वळत नाहीत. एका अंगाची थांबतात, दुसऱ्या अंगाची चालतात, आणि गडी जागच्या जागी गिरकी घेतो. अक्का रस्त्यात उभी राहून बोट फिरवायला लागली. म्हणाली, "म्हशीपरीस बरा फिरतो गे."

झालं. मुलाच्या मागं लागली. शेण काढायला, वैरण ओढायला, चिखल सारायला असलाच पाहिजे. मुलानं कंपनीचा माणूस आणला. त्यानं मोठा लोडर आणला आणि रस्त्यापलीकडच्या मैदानात उभा केला. आम्ही सगळे बघायला. मी पाटी घेऊनच गेले, मुद्दाम बघायला आले असं दिसायला नको.

अक्कानं आधी आत माणूस बसवला. बसायला समोरूनच चढायचं, सुपावर पाय देऊन. ती म्हणाली, "सुपाचे हात वर अडकले तर तू कुठून उतरणार?" त्यानं मागची काच दाखवली. मग तिनं सुपात ओलं शेण काठोकाठ भरायला लावलं आणि उचलायला लावलं, लोडरचं मागचं बूड उठतं का बघितलं. नाही उठलं. मग बोट फिरवलं. लोडर फिरला, माती खरवडून निघाली. "जोर आहे," असं म्हणत तिनं कमरेचं दावं काढलं. गल्लीची रुंदी मापून त्याला गाठ मारून आणली होती. लोडरला आडवं धरलं. लोडर गाठीच्या बाहेर हातभर.

म्हणजे माझी भिंत आड येत होती. ती भिंत माझ्या नवऱ्यानं ड्युटीवरून येऊन एकेक वीट लावून बांधलेली. संध्याकाळी अक्काचा मुलगा टेप लावून माझी भिंत मोजून गेला. 

मी मनात "नाही" तयार केलं. धार काढताना तेच घोळवायची. आधी तिला बोलू द्यायचं, पूर्ण बोलू द्यायचं. मग चहा द्यायचा. मग म्हणायचं, नाही. तिच्याकडं सगळं होतं, पण तिला हवं ते एकदा माझ्या हातात होतं. मी वाट बघत होते.

अक्का आली ती ताक घेऊन. म्हशीच्या आचळाबद्दल बोलली, सुनेबद्दल बोलली, उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी म्हशीखाली बसले होते आणि ते भिंतीपलीकडं उभे. कंपनीचा माणूस म्हणाला, "एवढी भिंत हातभर मागं घ्यायला सांगा, मोठाच घ्या, निम्म्या वेळेत काम." मुलगा म्हणाला, "आई, विचार तरी."

अक्का म्हणाली, "पोदुम. भीत तिच्या दादल्यानं बांधली. मशीन बदल."

पोदुम म्हणजे पुरे. माझ्या हातातली धार थांबली. तुम्ही म्हणाल, बाईला भरून आलं असेल. नाही आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाही म्हणायचं एक सुख होतं, तेही तिनं मला दिलं नाही.

लहान लोडर आला. तिनं त्याला धारेच्या वेळी गोठ्याजवळ चालू करायला लावलं, म्हशी पान्हा चोरतात का बघायला. नाही चोरला. चाकांखाली लिंबं ठेवली, हळद माझ्याकडूनच मागून नेली. लहान म्हणून त्याला खेपा दुप्पट पडायच्या. मी मोजत नव्हते, पण ऐकू यायच्या.

एकदा जाता जाता त्यानं माझ्या दारातलं शेणही सुपात घेतलं. मी आडवी झाले. "माझं शेण मी उचलीन."

"सरी, बरं," अक्का म्हणाली, आणि लोडर मागं घ्यायला लावला.

मी वाहत राहिले. त्या पावसाळ्यात पाठ धरली. सांगितलं कुणालाच नाही. एका सकाळी अक्का गल्लीत समोर उभी राहिली, माझ्याकडं बघितलं आणि बोट फिरवलं.

"फिरून दाखीव गे."

"मी काय म्हैस आहे?"

"म्हैस असतीस तर घेतली नसती. फीर."

मी फिरायला गेले, आणि अर्ध्यात भिंत धरली. ती हसली नाही. हसली असती तर मी पुन्हा पाटी उचलली असती. दुसऱ्या दिवशी उठले तर दारातलं शेण नव्हतं. मी पाटी भिंतीला उपडी ठेवली.  मग रोजच नसायचं.

अक्का तापानं गेली. आजारपण चार लोकांना कळायच्या आधीच गेली. त्यातही तिनं कुणाला ताटकळत ठेवलं नाही. मुलानं म्हशी विकल्या, जागा विकली. शेवटी लोडर न्यायला लॉरी आली. चालवणारा नवा होता. मी दारात उभी राहिले. आता भिंतीला घासतो, मग बोलते, असं मनात धरून. त्यानं अक्काच्या गोठ्यातून गल्लीत आल्यावर जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि सरळ निघून गेला.

लॉरी गेल्यावर मी भिंतीवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेले. इतकी वर्षं लोडर तिथून आला-गेला होता. कुठं एक ओरखडा नाही.

एखादा असायला पाहिजे होता.