भगदाडाला आलेले अंगठे

सकाळचे साडेआठ. बिंदू चौकाजवळचं चहाचं दुकान. बाकावर आम्ही चार पत्रकार. चौघांच्या माना खाली, चौघांच्या हातात फोन, चहावर साय धरलेली.

पूर्वी या बाकावर किस्से तोंडानं सांगितले जायचे. कुठला पुढारी कुणावर खेकसला, मोर्चाच्या रेटारेटीत कुठल्या फौजदाराची टोपी कोण घेऊन गेलं, असले. चहा संपला की किस्सा संपला. आता ते संपत नाहीत, फोनमध्ये साठत राहतात. आमचा सदा रिळाच्या कॅमेऱ्यापासून फोटो काढत आलेला माणूस. परवा वैतागून म्हणाला, “फोन भरलाय म्हणतंय. काय काय काढून टाकू? निम्मा येडेपणा सरकारी हाय, निम्मा आपला!”

त्यातला थोडा इथं रिकामा करतो.

* * *

सगळ्याचं मूळ एक व्हॉट्सॲप ग्रुप. नाव ‘माध्यम-प्रशासन सुसंवाद’. त्यात सगळ्या खात्यांचे अधिकारी, सगळ्या पेपरांचे बातमीदार, आणि दोन्हींपैकी काहीच नसलेले बरेच जण.

या ग्रुपचं उद्घाटन झालं. खरंच झालं! हार, नारळ, समई, सगळं. जिल्ह्याचे मोठे साहेब स्टेजवर उभे राहिले, खिशातून फोन काढला आणि पहिला मेसेज टाकला, ‘टेस्ट’. मागच्या पडद्यावर तो मोठ्या अक्षरांत उमटला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेब भाषणात म्हणाले, “आता पत्रकार मित्रांना आमच्या दारात यायची गरज उरणार नाही.”

मी शेजारच्याला म्हटलं, “हे आश्वासन आहे की धमकी?” तो ऐकत नव्हता. तो ‘टेस्ट’ला नमस्काराचे हात पाठवत होता.

* * *

त्या दिवसापासून बातमीदार बसले. म्हणजे खुर्चीतच बसले. ग्रुपवर प्रेसनोट यायची, ती उचलायची आणि पानात ओतायची. वाचायची पद्धत नव्हती.

एकदा एका शिबिराची प्रेसनोट आली. दुसऱ्या दिवशी ती तीन पेपरांत शब्दशः छापून आली. शेवटची ओळही शब्दशः. ती अशी होती, ‘बाबा, वर कुठंतरी साहेबांचं नाव राहिलंय, तेवढं घाल आणि मग ग्रुपवर सोड.’

तीन पेपरांत एक आमचा! मी उपसंपादकाला उभा केला. म्हटलं, “हा बाबा कोण?”

तो शांतपणे म्हणाला, “सर, ग्रुपवर तसंच आलतं.”

* * *

आता मंगल मॅडम. कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या बाजूला आत गेलं की नदीपलीकडच्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. गावाचं नाव छापलं तर त्यांना आणखी एक खुलासा लिहावा लागेल, म्हणून छापत नाही.

शाळेत जायला त्यांना दोन वाटा. एक पुलावरून, लांबच्या लांब वळशाची. दुसरी बंधाऱ्यावरून. आमच्याकडचा बंधारा म्हणजे नदीत पाणी अडवायला बांधलेले खांब आणि त्यावर एक मोटारसायकल जाईल एवढा स्लॅब. कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच. भर पावसाळ्यात तो बुडतो. त्याआधी थोडे दिवस स्लॅबवरून घोट्याएवढं पाणी वाहत असतं आणि लोक त्यातूनच बिनघोर गाड्या घालतात.

मॅडमना वळसा परवडत नाही, कारण त्यांनाही एक ग्रुप आहे. रोज शाळेच्या दारात उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, त्यावर ठिकाण आणि वेळ उमटली पाहिजे, आणि घंटेच्या आत तो वरिष्ठांच्या ग्रुपवर गेला पाहिजे. मुलांना शिकवल्याचा फोटो मागत नाहीत. पोचल्याचा मागतात.

उन्हाळा संपता संपता त्यांचा फोन आला. “सर, बंधाऱ्याच्या स्लॅबला मधोमध भगदाड पडलंय. माझ्या मोपेडचं आख्खं चाक जाईल एवढं. आता दिसतंय म्हणून चुकवतोय. वरनं पाणी आल्यावर कुणाला दिसणार? तुम्ही काहीतरी करा की.”

मी बातमी दिली. मग बंधाऱ्याच्या उपअभियंत्याला फोन लावला.

“फोनवर नको हो,” तो म्हणाला. “ग्रुपवर टाका. रेकॉर्ड राहतंय.”

टाकलं, फोटोसकट. आणि अंगठे सुरू झाले! उपअभियंत्याचा अंगठा, त्याच्या साहेबांचा अंगठा, शिक्षणाचा, आरोग्याचा, एवढंच काय, पशुसंवर्धनाचासुद्धा. मी ते मॅडमना कळवलं. त्यांनी विचारलं, “अंगठा म्हणजे काय समजायचं, सर? दुरुस्त करणार?”

मी उपअभियंत्याला पुन्हा गाठला.

“अंगठा म्हणजे बघितलं.”

“बघितलं म्हणजे?”

“नोंद घेतली.”

“नोंद घेतली म्हणजे काम कधी?”

“अहो, तुम्ही एका अंगठ्यातनं किती अर्थ काढणार!”

गावकऱ्यांनी मात्र कुणाच्या अंगठ्याची वाट पाहिली नाही. भगदाडातून वर आलेल्या गजांना एक उंच बांबू बांधला आणि त्याच्या टोकाला लाल फडकं लावलं. या सगळ्या प्रकरणात झालेलं हे एकमेव सार्वजनिक बांधकाम.

* * *

पंधरवडा गेला, काही हललं नाही. मी फोटो पुन्हा टाकायचं ठरवलं. नेमका त्या दिवशी मोठ्या साहेबांचा वाढदिवस निघाला.

कोल्हापुरात वाढदिवस म्हणजे काय ते सांगायला नको. इथं गल्लीतल्या पोराचा फलक एसटी स्टँडपर्यंत लागतो. पण फलकाला निदान भिंत संपते. ग्रुपला भिंत नाही. पहाटेपासून केक, फुगे, तुतारी वाजवणारी चित्रं, साहेबांचं डोकं वाघाच्या शेजारी चिकटवलेलं. मी त्या गर्दीत भगदाड सोडलं आणि खाली लिहिलं, ‘पाऊस तोंडावर आहे. या खड्ड्याचं काय झालं?’

लगेच एकानं त्या फोटोखाली केक ठेवला. दुसऱ्यानं लिहिलं, ‘अशीच प्रगती होत राहो.’

त्याच्यामागून आणखी दहा-बारा जणांनी भगदाडाला उदंड आयुष्य चिंतलं. कुणीच वर बघितलं नव्हतं. सदा म्हणाला, “लोकांचा आशीर्वाद हाय रं. आता बुजत न्हाय ते!”

* * *

मग पावसाळ्याच्या पूर्वतयारीची बैठक आली. ऑनलाइन. पूर्वी या बैठकीला अधिकारी एका खोलीत बसायचे आणि एकमेकांच्या तोंडावर खोटं बोलायचे. त्याला निदान छाती लागायची.

आम्हा पत्रकारांनाही लिंक होती. पडद्यावर पन्नासेक चौकोन. काही काळे, एकात नुसताच पंखा फिरतोय. मोठ्या साहेबांनी विचारलं, “बंधाऱ्यांची पाहणी झाली का?”

आमच्या उपअभियंत्याचा चौकोन काळा होता, पण आवाज खणखणीत. “झाली साहेब. आत्ता मी त्या भगदाडाच्या बंधाऱ्यावरच उभा आहे.”

“परिस्थिती काय आहे?”

“नियंत्रणात आहे, साहेब.”

आणि त्याच्याच फोनमधून मागून हाळी आली, “तीन नंबरच्या टेबलाला तांबडा रस्सा वाढ रं! पावण्यास्नी पांढरा दे आनि!”

पन्नास चौकोनांत एकालाही हसायची हिंमत झाली नाही. मोठे साहेब म्हणाले, “बरं. पुढचा बंधारा.”

बैठकीची प्रेसनोट ग्रुपवर आली. त्यात होतं, ‘अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवरून माहिती दिली.’ आमच्या पेपरात तसंच छापून आलं.

* * *

पहिला पाऊस झाला आणि दादा जागे झाले. हे दादा भावी आहेत. कशाचे भावी ते अजून ठरायचंय. ते चार गाड्या घेऊन बंधाऱ्यावर आले, फेसबुकवर लाइव्ह करायला. सदा आणि मीही गेलो होतो.

दादा भगदाडाजवळ उभे राहिले. कॅमेरावाला म्हणाला, “दादा, बांबू तोंडासमोर येतोय.”

“मग काढ की त्यो!”

कार्यकर्त्यानं बांबू सोडला, फडक्यासकट बाजूला टाकला. दादा गरजले, “दोन दिवसांत हे भगदाड बुजलं न्हाय, तर याच पाण्यात उभं राहून आंदोलन करणार! माझ्या माताभगिनींच्या जिवाचा प्रश्न हाय!”

खाली भराभर कॉमेंट येत होत्या. ‘दादा, आगे बढो.’ ‘दादा, शर्ट कुठनं घेतला?’ आंदोलनाचं काय झालं ते दादांनी पुढं कुणाला सांगितलं नाही. शर्टाच्या कॉमेंटला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या नावासह उत्तर दिलं.

निघताना सदा ओरडला, “अहो, बांबू बांधा की परत!”

“बांधतील गाववाले,” असं म्हणत चारी गाड्या गेल्या. सदा उतरला, पण बांबू उताराला लागून पाण्यात गेला होता. आम्ही गावात सांगून आलो. गावानं सकाळी दुसरा बांधायचं ठरवलं. त्या रात्री वरच्या अंगाला जोरात पाऊस झाला.

तो लाइव्ह अजून तिथं आहे. बांबू सोडणारा हात त्यात स्पष्ट दिसतो. चेहरा चौकटीबाहेर.

* * *

सकाळी स्लॅबवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. गढूळ. मंगल मॅडमनी मोपेड घातली. त्या बांबू शोधत होत्या, कारण त्याच्या डाव्या अंगानं जायचं हे त्यांना सवयीनं माहीत होतं. बांबू दिसेना, म्हणून त्यांना वाटलं भगदाड अजून पुढं आहे.

चाक आत गेलं, त्या बाहेर नदीत फेकल्या गेल्या. डेअरीला दूध घालून परतणाऱ्या तिघांनी पाहिलं. म्हशीचा दोर टाकून त्यांनी मॅडमना धरलं आणि ओढून काठावर घेतलं. मोपेड गेली, मनगट मोडलं, माणूस वाचलं.

मी कोल्हापुरात दवाखान्यात पोचलो, तेव्हा हाताला प्लास्टर चढलं होतं. त्यांच्या यजमानांचा फोन उशाला होता, मॅडमचा नदीत गेला होता. तेवढ्यात यजमानांच्या फोनवर मुख्याध्यापकांनी पुढं पाठवलेला मेसेज आला, ‘आज आपला उपस्थितीचा फोटो अप्राप्त. तात्काळ खुलासा सादर करावा.’

यजमान भडकले. “आता तरी गप बसा म्हणावं की!”

मॅडम म्हणाल्या, “थांबा, उगंच वाढवू नका. प्लास्टरचा फोटो काढा आणि पाठवा.”

त्यांनी काढला. पडलेला चेहरा, पांढरा हात, खाली ठिकाण आणि वेळ, सगळं नियमाप्रमाणं. उत्तर यायला वेळ लागला नाही.

‘फोटोतील लोकेशन शाळेचे दिसत नाही.’

मॅडम हसल्या. हसताना हात दुखला म्हणून रडल्या. मग मला म्हणाल्या, “सर, ह्या हाताला सुट्टी मिळेल. पण पाणी उतरल्यावर मला परत तिथनंच जायचंय. तेवढं बघा.”

मी बातमी लिहिली, नावं घालून. ती ग्रुपवर कुणीतरी टाकली. तिला अंगठे आले.

* * *

पुढं पाऊस लागून राहिला. नदी पात्राबाहेर आली, बंधारे बुडाले. आठवड्यानं उपअभियंत्याचा ग्रुपवर मेसेज आला.

‘सदर बंधाऱ्यावरील भगदाड दुरुस्तीचे काम पूर्ण. आज सकाळचे छायाचित्र सोबत.’

मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मग सगळ्यांनी. दादांनी तर ‘आमच्या लाइव्हचा दणका’ म्हणून तोच फोटो आपल्या पानावर चढवला.

मी सदाला उठवलं, त्याच्या गाडीवर मागं बसलो आणि थेट नदीवर गेलो. काठावर दूधवाले उभे होते. त्यातला एक म्हणाला, “काय पावणं, पोहायला आलाय व्हय?” सदानं पाण्याचा फोटो काढला. मी तिथूनच तो ग्रुपवर टाकला आणि विचारलं, ‘तुमचा फोटो कुठल्या बंधाऱ्याचा आहे?’

माझ्या प्रश्नाला उपअभियंत्याचा अंगठा आला.

मी लिहिलं, ‘अंगठा नको, उत्तर द्या.’ ते गेलंच नाही. पडद्यावर सूचना आली होती, यापुढं या ग्रुपवर फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. मी उपअभियंत्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. ऑफिसात गेलो, तर साहेब बंधाऱ्यावर गेलेत म्हणाले.

फोटो माझ्याकडं आहे. नवं काँक्रीट, कोरडं ठाक. त्यावर लख्ख ऊन पडलंय, आणि कडेला एक कुत्रं पाय ताणून झोपलंय. ज्या सकाळचा तो फोटो म्हणतात, त्या सकाळी त्या स्लॅबवर पुरुषभर पाणी होतं.