केळीचे चार खांब

ड्रॉइंगच्या दिगंबर मास्तरांनी तीस वर्षांत बुऱ्हाणपुरात पुष्कळ काढलं, पण स्वतःच्या मनातलं एकदाही काढलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शाळेच्या नाटकाचे पडदे रंगवले, शनवारा पेठेतल्या लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती काढले, तेही यजमानाला हवे तेवढेच लठ्ठ. शाळेच्या भिंतीवरचा प्रांताचा भला मोठा नकाशा त्यांचाच. छप्पन साली नवी वाटणी झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, नागपूर पलीकडे गेलं आणि हेडमास्तरांनी त्यांच्या हातात चुन्याची बादली दिली. आपणच रंगवलेलं नागपूर पुसताना मास्तरांचा जीव कासावीस झाला. रिटायर व्हायची वेळ जवळ आली होती. आपल्या डोक्यातून निघालेली एक तरी वस्तू या गावात उभी राहावी, एवढंच त्यांना वाटे. हे त्यांनी बायकोला, सरुबाईंना, इतक्या वेळा ऐकवलं होतं की बाईंना ते पाठ झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस पाद्री शालिग्राम घरी आले. लालबागच्या रस्त्यावरच्या लहानशा चर्चचे हे पाद्री, मूळचे खानदेशातले. चर्चमधली जुनी वेदी वाळवीनं पोखरली होती.

"मास्तर, नवीन सागाची करायची हाय. नक्शा तुम्ही काढून द्या."

"कसा काढू?"

"तुमच्या मनाले येईन तसा."

हे वाक्य मास्तरांना तीस वर्षांत कोणी ऐकवलं नव्हतं. हातातला चहा तसाच गार झाला.

आठ दिवस खपून त्यांनी झकास देव्हारा काढला. वर कळस, खाली महिरप, समोर उंबरा, मधोमध चौरंग. कागद पाहून पाद्रीसाहेबांना हसू आवरेना.

"अहो मास्तर, याच्यात देव बसवायचाच नाही! हे मेज हाय. इथून आम्ही सगळ्यायले भाकर वाटतो. एखाद्या रविवारी येऊन पाहा ना."

मास्तर ओशाळले, पण गेले. चपला बाहेर काढून मागच्या बाकावर बसले. गिरणीतला कामगार, रेल्वेतला पोर्टर, दवाखान्यातली नर्स, एक म्हातारी, सगळे पुढे जाऊन एका ओळीत गुडघ्यावर बसले आणि सगळ्यांना तोच एवढासा तुकडा मिळाला. ही तर पंगत, मास्तर मनाशी म्हणाले. पंगत म्हटल्यावर पुढचं अवघड नव्हतं. आपल्याकडे पूजेच्या चौरंगाला चार कोपऱ्यांना केळीचे खांब बांधतात. त्यांनी साधं लांबट मेज काढलं आणि त्याच्या चार कोपऱ्यांना सागातून कोरायचे चार केळीचे खांब. सालपटं सुटलेली, पानं वर जाऊन एकमेकांवर वाकलेली, एक पान मुद्दाम डावीकडे झुकलेलं. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःची सही केली.

पाद्रीसाहेबांनी कागद उजेडात धरून एकेका खांबावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे आपल्या गावचं झालं, मास्तर." त्यांनी तो मंजुरीसाठी वरच्या कचेरीत पाठवला.

नोव्हेंबरात कागद परत आला. आता सगळ्या चर्चमध्ये एकाच नमुन्याचं मेज ठेवायचं ठरलं होतं आणि बुऱ्हाणपूरचं मालगाडीत चढलंसुद्धा होतं. पाद्रीसाहेब स्वतः सांगायला आले; त्यांची मान वर होईना. मास्तर "हरकत नाही" म्हणाले. मात्र हरकत होती, फार होती. त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही.

सरुबाईंचे भाऊ चुडामण इच्छापूरहून आले होते. केळीचा मळा असलेला हा माणूस. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"भाऊजी, खांब बेस हायेत. पण सागाचे कायले? केळीचा खांब कोणी सागाचा करते का? मह्या मळ्यात घड उतरलेल्या केळी उभ्या हायेत. सांगा, किती आणू?"

मास्तर भडकले. "आणि दुसऱ्या दिवशी माना टाकतील, त्याचं काय?"

"मंग? पूजा तरी किती दिवस चालते?"

सरुबाई आतूनच म्हणाल्या, "पुढल्या साली परत उभे करा. रिटायर झाल्यावर तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?"

नाताळच्या आदल्या दिवशी चुडामणची बैलगाडी चर्चपुढे थांबली. मास्तरांनी कागद समोर ठेवून मालगाडीनं आलेल्या त्या साध्या मेजाला चार खांब बांधले, पानं वर जुळवली. सकाळी लोक आत आले आणि दारातच थबकले. ओळीतली ती म्हातारी, मालूबाई, खांबावरून हात फिरवत म्हणाली, "मह्या लग्नात असेच खांब होते. कोणं लावले?"

"आपल्या दिगंबर मास्तरांचा नक्शा हाय," पाद्रीसाहेब मोठ्यानं म्हणाले.

मागच्या बाकावर मास्तरांनी उपरण्यानं डोळे पुसले. दुपारपर्यंत पानं मलूल झाली, दुसऱ्या दिवशी गायींनी खांब फस्त केले, तरी मास्तर खुशीत होते.

पुढे ते चौदा वर्षं जगले. सागाची वेदी काही झाली नाही. दर डिसेंबरात ते इच्छापूरला जात, मळाभर फिरून चार सारख्या केळी निवडत आणि चुडामणला बजावत, "या चौघींना हात लावायचा नाही."

ते गेले त्या साली खांब चर्चमधल्या बायकांनी उभे केले. काम झालं म्हणून सगळ्या निघाल्या, तर मालूबाईनं त्यांना परत बोलावलं आणि एक पान सोडवून पुन्हा बांधायला लावलं. मास्तरांच्या कागदात ते डावीकडे झुकलेलं होतं.