मल्लप्पाशेठच्या मोटारी आणि आम्ही

मोटारस्टँडवर नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पेट्रोलच्या वासासारखे ते कपड्यांनाच चिकटतात; घरात पाऊल टाकलं की बायकोला कळतं, आज काहीतरी झालंय!

एकोणीसशे तीसच्या अलीकडे-पलीकडे सोलापुरात मल्लप्पाशेठची मोटार सर्व्हिस होती आणि मी तिथे बुकिंग क्लार्क होतो. मोटारीत बसायचं म्हटलं की लोक घाबरायचे. ती भीती ज्यांनी घालवली, त्यांचे पुतळे कुणी उभारले नाहीत. तेव्हा आपणच बोलायचं!

*

आमचे गफूरमिस्त्री रेडिएटरचं पितळ चिंचेनं घासून आरशासारखं ठेवायचे. एकदा मोहोळच्या अलीकडे बिरप्पा धनगराची मेंढरं आडवी आली, म्हणून मोटार थांबली. मिस्त्री आणि मी आतच होतो. कळपातल्या दांडग्या एडक्याला पितळेत दुसरा एडका दिसला. तो चार पावलं मागं सरला आणि धाडकन!

रेडिएटरमधून पाण्याची धार लागली. वर उलट बिरप्पाच ओरडला, "आरं, माज्या एडक्याचं डोस्कं फुटलं की!"

मिस्त्री शांतपणे उतरले. बाजार करून निघालेल्या एका म्हातारीकडून हळदीची पुडी मागून घेतली आणि पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये ओतली. म्हातारी कपाळाला हात लावून बघतच राहिली. थोड्या वेळानं हळद चिरेत बसली आणि धार थांबली!

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "हल्दी लग गई जी. अब बारात निकालो!"

*

खुद्द शेठ मोटारींचे मालक, पण फिरायचे टांग्यातून! एकदा अक्कलकोटच्या पाहुण्यांनी फारच गळ घातली, तेव्हा नाइलाजानं मोटारीत बसले. डोळे गच्च मिटलेले, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत.

मिस्त्रींनी पुढं उभं राहून हँडल मारलं. मोटार धडधडायला लागली. सीट हलतेय, काचा वाजतायत, शेठच्या ओठांवर जप. गिअर काही पडेना. बरीच खटपट करून शेवटी मिस्त्री शेठना सांगायला खिडकीशी आले.

शेठनी एक डोळा किलकिला केला. "आलं व्हय अक्कलकोट?"

मोटार स्टँडवरून वीतभरही हलली नव्हती!

*

रामा पवार आमचा सगळ्यांत भरवशाचा ड्रायव्हर. पॅसेंजर विचारायचे, "रामा हाय का? मग द्या तिकीट!"

एका सकाळी बार्शीहून येताना त्याच्या डाव्या डोळ्यात कचरा गेला. मी शेजारीच बसलो होतो. सोलापुरात आल्या आल्या त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पट्टी बांधतो. दोन दिवस उजव्या डोळ्यानं भागव."

"उजव्यानं?" रामा म्हणाला. "त्यानं मला जन्मापासनं दिसत न्हाय की, डॉक्टर!"

पाणी डॉक्टरांनी मला पाजलं.

*

आणि शेठचा सत्कार! गावातल्या व्यापाऱ्यांनी थिएटर घेतलं होतं. आम्ही सगळे फेटे बांधून पुढच्या रांगेत. वर बायकांच्या गॅलरीत शेठच्या पत्नी, गंगव्वा. घरच्या बाईनं स्टँडकडे फिरकायचं नाही, असा शेठचा दंडक. त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या आणि शेठ छातीला हात लावून स्टेजवर कोसळले!

एकच गलका झाला. आम्ही चौघांनी त्यांना उचललं आणि गर्दीतून कसंबसं दाराशी आणलं. बघतो तर बटणावर चालू होणारी नवी मोटार पायरीला लागून धडधडत उभी! स्टिअरिंगवर गंगव्वा! डोक्यावर पदर, नऊवारीचा काष्टा घट्ट.

रामा म्हणाला, "बाई, सरका, मी घेतो."

"मागं बस. त्यांचं डोस्कं मांडीवर घे."

मी आयुष्यात तशी चालवलेली मोटार पाहिली नाही! बाजारातून टांगे, गाई, हातगाडे चुकवत, हॉर्न देत बाईंनी ती इस्पितळाच्या फाटकातून आत वळवली. कुठे घासली नाही, की बंद पडली नाही. फाटकावरचा पोलीस सलाम ठोकायला विसरला आणि तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, "थोडा उशीर झाला असता, तर हार तोच राहिला असता; फक्त सत्काराचा अंत्यसंस्कार झाला असता!"

संध्याकाळी शेठनी डोळे उघडले. आम्ही सगळे खाटेभोवती. उशाशी गंगव्वा पदरानं हाताला लागलेलं काळं पुसत होत्या.

"मोटार कुनी आनली? रामानं?"

रामानं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री फरशीकडे बघत होते.

"ड्रायव्हरनं," गंगव्वा म्हणाल्या.

"कुठल्या ड्रायव्हरनं?"

शेवटी मिस्त्री दाढी खाजवत म्हणाले, "पुराना ड्रायवर है, शेठ. अपने घरकाच!"