टोपी-दुपट्टा आणि मोबाइलवरची शीट

खेळ मी रचला, हे आधी लिहून ठेवतो. कारण आमच्या पोरांना आता ते आठवत नाही.

देऊळघाटात रविवारी आम्ही पाच-सहा जण सतरंजी टाकून फासे खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं: पोलीस पाटील, मजूर बाई, कंत्राटदार. मी पात्र घेत नाही, खेळ चालवतो. खेळात ग्रामसभा भरते, फाशांवर भांडणं होतात. पात्राचा दम किती, आवाज किती, ते कागदावर लिहायचं. माझा लाडका नियम: जो सत्कार घेईल, त्याचा आवाज दोनने कमी. टोपी-दुपट्टा चढला की माणूस गप होतो, हे मी मोर्च्यांत पाहिलंय, पत्रकांत छापलंय.

कागद फाटायचे, खाडाखोडीनं काळे व्हायचे. म्हणून मोबाइलवर चालणारी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचा तोच कागद, बनवून घ्यायचं ठरलं. धाड गावच्या एका मास्तरांची मुलगी घरूनच असली कामं करते. मी जीपने गेलो, नियम समजावले. तिने विचारलं,

"आवाज शून्यावर गेला, तर तो माणूस बोलू शकते का?"

"ते मी ठरवतो."

"मंग तुमी नसले तर?"

मी नसलो तर खेळ होईलच कशाला? पण तिने ते लिहून घेतलं.

शीट आली. बोट लावलं की आकडा आपोआप उतरायचा. आवाज शून्यावर गेला की चित्रातल्या माणसाच्या तोंडावर दुपट्टा बांधला जायचा. बघून माझं डोकंच फिरलं. ही कल्पना माझी असायला हवी होती! पत्रकाच्या पहिल्या पानावर शोभली असती.

त्या रविवारी ती स्वतः आली आणि सगळे तिच्याकडे सरकले.

"ताई, माहा दम काऊन उतरला?"

"अबे, मले विचार ना!" मी ओरडलो.

"तू दर डावाले वेगळं सांगतं बे. शीट एकच सांगते."

राबणारा एक आणि जयजयकार दुसऱ्याचा, यावर मी किती पत्रकं काढली असतील! माझ्याच बाबतीत मात्र काढता येत नाही.

डाव संपल्यावर पोरांनी पिशवीतून नारळ, टोपी, दुपट्टा काढला. ताईंचा सत्कार, आणि तोही माझ्या हस्ते! मी दातओठ खात दुपट्टा उचलला. मनात म्हटलं, घे बाई, आणि हो गप.

ती मागे सरली. "नाही हो. माहा आवाज दोननं कमी होईन."

सगळे हसले.

"मजाक नाही करून राह्यली. नियम हाय ना?"

माझा नियम, आणि पाळला तिने. दुपट्टा माझ्या हातात लोंबकळत राहिला.

"मंग आता याचं काय करायचं?" एकाने विचारलं.

"घाला बे यालेच!"

घातला. टोपीही बसवली. मी घालू दिली. सगळे तिच्याकडे बघून ओरडले, "ताई, याचा आवाज उतरवा!"

तिने मोबाइल खाली-वर केला. "यांची शीटच नाही. कमी कुठून करू?"

काहीतरी सणसणीत बोलायला हवं होतं. सुचतं ते आजकाल तिलाच.