मॅडम चुलीपाशी जेवल्या

मंडळी, सासऱ्यांना घेऊन बिलोलीहून नांदेडच्या दवाखान्यात आलेय. आमच्यासारख्या नातेवाइकांसाठी इथल्याच एका कंपनीच्या फाउंडेशननं शेजारी निवारा बांधलाय. पलंग, पंखे, थंड पाणी, सगळं फुकट. फक्त स्वयंपाकाला जागा नाही. पेशंटला बाहेरचं तिखट चालत नाही, म्हणून आम्ही बाया मागच्या भिंतीआड तीन दगडांची चूल मांडतो.

आज फाउंडेशनच्या मॅडम आल्या. "काही कमी आहे का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई न्हाई, लई चांगलं हाय," सगळ्या म्हणाल्या. मीपण. देणाऱ्याच्या तोंडावर उणं काढायची आपल्याकडं रीत नाही ना.

मॅडम खूश होऊन निघाल्या. तेवढ्यात माहूरच्या शांताबाई आडव्या आल्या. त्यांचा नवरा इथंच भरती आहे. म्हणाल्या, "जेवायच्या वखताला आलात, उपाशी कसं जाऊ देऊ? चला."

आणि थेट भिंतीआड नेलं. उन्हात पोत्यावर बसवून भाकरी आणि पेशंटसाठी केलेलं वरण वाढलं. वरणात तिखट नव्हतं, तरी मॅडमचे डोळे गळत होते. धूरच तेवढा होता.

हात धुवून त्यांनी फोन लावला. "आत स्वयंपाकघर करायचंय. माप घ्यायला आजच माणूस पाठवा." मग म्हणाल्या, "मावशी, मघाशीच का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुम्ही उपाशी होतात."

शांताबाईंनी हे मुद्दाम केलं, असं मी धरून चालले होते. पण आत्ता तो माप घेणारा आला, तर त्यालाही त्या भाकरी वाढून राहिल्यात.

तुम्हाला काय वाटतं?