भरल्या बोटीची तपासणी

धक्क्यावर त्याला सगळे मीटर म्हणत. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण तीही रागावल्याशिवाय ते काढत नसे. हौशी लोकांच्या बोटींमधली वायरिंग दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हौस त्यांची आणि कंबर याची, अशी वाटणी वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती. बोट बांधणारा माणूस सोफ्याला, आरशाला, बाटल्यांच्या कपाटाला ऐसपैस जागा देतो आणि उरलेल्या फटीत तारा कोंबतो. त्या फटीत पालथं पडून, तोंडात टॉर्च धरून, हिरवा थर चढलेली तांब्याची टोकं हुडकण्यात मीटरचं तारुण्य खर्ची पडलं होतं. आता बोटीच्या आधी त्याचे गुडघे कुरकुरत.

त्याचा एक नियम होता आणि त्यावरून धक्क्यावर त्याची टिंगल होई. बिघाड फेरीत येत असेल, तर फेरीला असणारी सगळी माणसं बोटीत आपापल्या जागी बसवायची आणि मगच तपासायचं. रिकाम्या बोटीत सगळंच चालतं, तो म्हणे; बिघाड माणसांबरोबर चढतो.

"डॉक्टर पेशंटला तपासतो, हा नातेवाइकांना," शेजारी बोटी रंगवणारा रंगारी म्हणे.

पण अलीकडे मीटरला माणसांचाच कंटाळा आला होता. सगळ्यांना जमवायचं म्हणजे कुणाला वेळ नाही, कुणी रुसलेलं. त्यामुळे एका निळ्या बोटीच्या मालकाने, फेरीत दिवे आणि पंप मध्येच बंद पडतात, अशी दोनदा तक्रार पाठवली, तेव्हा त्याने रिकामी बोटच तपासली. दोन्ही वेळा. दोन्ही वेळा सगळं ठणठणीत निघालं, आणि "वायरिंगमध्ये काही नाही" असं सांगून तो घरी जाऊन आडवा झाला.

तिसऱ्यांदा मालक स्वतः आला. रागावलेला नव्हता, उलट ओझं उतरल्यासारखा दिसत होता.

"मीटर, कारण सापडलं. आमची ताई."

"ताई?"

"माझी थोरली बहीण. ती बोटीत असली की दिवे जातात, नसली की जात नाहीत. बायको म्हणायची तेव्हा मी हसण्यावारी न्यायचो. पण तुम्हीच म्हणालात ना, वायरिंगमध्ये काही नाही. मग उरलं काय?"

"मग आता?"

"आता ती घरी थांबेल. तिची काही तक्रार नाही. म्हटलं, तुम्हाला कळवावं. उगाच हुरहूर नको."

मीटरला हुरहूर कधी लागत नसे, फक्त झोप लागे. जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं.

"म्हणजे आळस तुम्ही केलात आणि पांढऱ्या पायाची ती ठरली," ती म्हणाली.

"आळस नाही. कंबर."

"मग तिला जाऊन सांगा, कंबर म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला सगळ्या घराला घेऊन यायला सांगितलं. मालक आला, मांडीवर पर्स सांभाळत त्याची बायको बसली. ताई शेवटी आली आणि धक्क्यावरच थांबली.

"चढू का?" तिने विचारलं. "की इथूनच जातात दिवे?"

"या. नेहमीच्या जागी बसा," मीटर म्हणाला.

ती पार मागे गेली आणि बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर बसली. दिवे गेले. पंप गप्प झाला.

"बघा," मालकाची बायको नवऱ्याला म्हणाली. हा एक शब्द तिने बरेच दिवस जपून ठेवलेला असावा.

"उठा जरा, ताई," मीटर म्हणाला. दिवे आले. "बसा." गेले. "साहेब, आता तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"बसा हो. मला वाकायला वेळ लागतो, तोवर बसा."

मालक बसला. दिवे गेले, आणि जरा लवकरच गेले, कारण मालक वजनदार होता. त्याला उठवून मीटर कण्हत पालथा पडला. झाकण मधोमध खचलं होतं. वर कुणी बसलं की ते दिव्यांकडे आणि पंपाकडे जाणाऱ्या काळ्या वायरीवर टेके. वायर दबे आणि सैल नटाखालचं तिचं टोक उचललं जाई. माणूस उठला की टोक पुन्हा शहाण्यासारखं जागेवर. त्याने टोक घासून साफ केलं, नट आवळला, वायर कडेने फिरवून पक्की बांधली.

"पण मग दुसरं कुणी बसल्यावर कसे नाही गेले?" मालकाने विचारलं.

"दुसरं कोण बसतं तिथे?"

मालक आठवू लागला.

"तिथे इंजिनाचा धूर येतो ना," त्याची बायको म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

मीटर एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने कंबर धरून उभा राहिला. पाण्यावर एक फेरी मारून बघावी लागेल, म्हणाला. ताई पुढे जाऊन गादीच्या बाकापाशी उभी राहिली.

"इथे कोण बसतं?"

"बसा ना ताई," मालकाची बायको पर्स उचलून सरकली.

मालक सुकाणूपाशी गेला. फेरीला मीटरला जाणं भाग होतं आणि मागचीच जागा उरली होती. तो झाकणावर बसला. बोटीने वेग घेतला तसा सगळा धूर त्याच्या तोंडावर आला.

"दिवे आहेत का हो?" ताईने मागे न वळता विचारलं.

"आहेत," मीटर खोकत म्हणाला.