अर्धवट नळीचा खटला

परदेशात स्टॅनमोरला असताना आमच्या शेजारी एक वकील राहत. काहीही विचारा, ते आधी टायने चष्मा पुसत आणि म्हणत, “प्रश्न तो नाहीये.” तेव्हा त्यांची केस चालू होती बंदुकीच्या अर्धवट घडवलेल्या नळीची. आत भोकच पाडलेलं नसेल, तर तो बंदुकीचा भाग, म्हणजे गुन्हा, की नुसतं लोखंड?

एकदा ते चहाला आले. हॉलमध्ये वर्षभर न जोडता पडलेल्या माझ्या बुकशेल्फकडे बायकोने बोट दाखवलं. “काका, हे फर्निचर की नुसत्या फळ्या?”

“ऑलमोस्ट डन आहे,” मी ऑफिसातल्या सवयीने म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. “प्रश्न तो नाहीये. पुरं करायचा इरादा होता का, ते बघायचं.” मग ड्रिलच्या सीलबंद खोक्याकडे बघून म्हणाले, “इरादा दिसत नाही. निर्दोष!”

निर्दोष सुटून इतका ओशाळलेला आरोपी त्यांनीही पाहिला नसेल.